हेडसेट घ्यायचाय? आधी कानाचं बघा

घरात कॉम्प्युटरवर गेम खेळणारं कुणी असेल, तर हेडसेटचा विषय तुमच्याकडे निघून गेला असेल, नाहीतर येत्या दिवाळीपर्यंत नक्की निघेल. मग मोबाइलवर एकामागून एक फोटो समोर येतात. लाल-निळे दिवे लागणारे, मांजराचे कान असलेले, खोक्यावर 'सेव्हन पॉइंट वन' असं मोठ्या अक्षरात छापलेले. किंमत आठशेपासून पंधरा हजारांपर्यंत. आणि मूल ठामपणे सांगतं, "हाच पाहिजे. सगळ्यांकडे हाच आहे."

आम्ही राहतो रुआबांध्यात. भिलाई स्टील प्लांटच्या वसाहतीतला हा एक सेक्टर. इथे घरोघरी कुणी ना कुणी शिफ्टला जातं, त्यामुळे सकाळी अकरा वाजता शेजारच्या क्वार्टरमध्ये कुणाची तरी मध्यरात्र चालू असते. माझे मिस्टर नाइट करून आले की दुपारपर्यंत झोपतात. अशा घरात स्पीकर लावून बंदुका उडवणं शक्यच नाही. म्हणजे आमच्याकडे हेडसेट हा लाड नव्हता, गरज होती. फोनबरोबर आलेल्या जुन्या इअरफोनवर मुलाने दोन वर्षं काढली. दहावीची परीक्षा झाली आणि त्याची मागणी रीतसर घरच्या बैठकीत आली.

ती लगेच मंजूरही झाली असती. पण त्याच आठवड्यात, रविवारी चार-पाच तास खेळून उठल्यावर तो सहज म्हणाला, "आई, कानात शीळ वाजल्यासारखं होतंय." रात्रीपर्यंत ते थांबलं. त्याच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या दृष्टीने तिथे सुरू झाला, कारण आमच्या घरात आवाजाने गेलेले दोन कान आधीपासूनच आहेत.

माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तरुणपणी विदर्भातल्या एका कापड गिरणीत मागावर होते. मागखात्यात शेकडो धोटे एकाच वेळी आदळत असत. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायची. त्या काळी कानात कुणी कापसाचा बोळाही घालत नसे. आज आबांना ऐकू येत नाही असं नाही. ते म्हणतात, "आवाज येते, शब्द नाही येत." हे त्यांचं वाक्य मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी तपासणीचा आलेख दाखवून ते समजावलं. सततच्या मोठ्या आवाजाने कानाची हानी होते, तेव्हा बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी खड्डा पडतो. स, श, फ, थ ही व्यंजनं तशाच बारीक, उंच पट्टीत असतात. स्वर खालच्या पट्टीत असल्याने टिकून राहतात. म्हणून 'साखर' म्हटलं की आबांना 'आ-अर' एवढंच पोचतं आणि मधलं त्यांना अंदाजाने भरावं लागतं. आतल्या कानात प्रत्येक बाजूला पंधरा-सोळा हजार केसपेशी जन्मतः मिळतात. मेल्या की नव्या येत नाहीत.

एवढं डोक्यात ठेवून मी हेडसेट शोधायला बसले. तुम्हीही तसंच बसा, कारण खोक्यावर जे छापलेलं असतं त्यात हे काहीच नसतं.

आधी त्या 'सेव्हन पॉइंट वन'चं बघू. याचा मूळ अर्थ खोलीभर मांडलेले सात स्पीकर आणि जमिनीवर धम्म आवाजासाठी एक. हेडसेटमध्ये ते मावणार कुठे? जवळजवळ सगळ्या हेडसेटमध्ये स्पीकर दोनच असतात, एका कानाला एक. बाकीचं सॉफ्टवेअरचं काम. आणि दोन पुरतात, कारण देवाने आपल्याला कानही दोनच दिलेत. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. किती उशिरा? फार तर ०.६-०.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. तो डोक्याच्या आडोशाने थोडा हळूही होतो. एवढ्या फरकावरून मेंदू दिशा काढतो. समोरचं की मागचं, हे कानाच्या पाळीच्या वळणांमुळे आवाजात जो बदल होतो त्यावरून कळतं. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंटसारखे गेम हा सगळा हिशेब स्वतःच करून दोन कानांसाठी आवाज तयार करू शकतात. त्यावर हेडसेटचं 'सेव्हन पॉइंट वन' पुन्हा चढवलं तर फोडणीवर फोडणी होते. पावलं कुठून येतायत ते उलट जास्त अस्पष्ट होतं. म्हणून गेमच्या सेटिंगमधली सोय चालू ठेवा आणि हेडसेटचं बटण बंद. पैसे तर त्या तीन अक्षरांसाठी मुळीच मोजू नका.

हो, आणि डावा-उजवा बघून घाला. हसू नका. आमच्याकडे मुलाचा मित्र पूर्ण एक संध्याकाळ उलटा घालून खेळला आणि नशिबाला बोल लावत बसला.

खोक्यावरची दुसरी भूल म्हणजे आकडे. '२० ते २०,००० हर्ट्झ' हे स्वस्तातल्या स्वस्त इअरफोनवरही असतं, ते वाचून काहीच ठरवता येत नाही. '५० मिलिमीटर ड्रायव्हर' म्हणजे आतल्या पडद्याचा व्यास. मोठा म्हणून चांगला, असं नाही. कढई मोठी म्हणून भाजी चांगली होते का? इम्पिडन्स मात्र एकदा बघा. ३२ ओहमच्या आसपास असेल तर साध्या कॉम्प्युटरला, लॅपटॉपला चालतो. २५० ओहमचे हेडफोन स्टुडिओवाल्यांसाठी, त्यांना वेगळा अॅम्प्लिफायर लागतो.

दुकानदारांचा जोर बासवर. सुपेल्यात आम्ही एका दुकानात गेलो तर त्याने हेडसेट मुलाच्या डोक्यावर चढवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बच्चों को तो बास चाहिए, मैडम." स्फोट झाला की कानशिलं थरथरतात, ते गिऱ्हाइकाला आवडतं. पण गेममध्ये कामाचा आवाज स्फोट नसतोच. कामाचं असतं ते पावलांची चाहूल, बंदूक भरल्याचा खट्, मागे उघडलेलं दार. बास जास्त असला की हे बारीक आवाज त्याखाली दबतात. मग ते ऐकू यावेत म्हणून मूल एकूण आवाज वाढवतं. खरी मेख इथे आहे.

घरी मुलाने आबांना एकदा हे दाखवायचं ठरवलं. मित्राकडून आणलेला हेडसेट त्यांच्या डोक्यावर घातला, गेममध्ये एका भिंतीमागे उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, आता पावलं वाजतील. कुठून येतात ते हात करून सांगा." पावलं वाजली. मुलगा स्क्रीनकडे बघत होता, मी आबांकडे. आबा वाट बघत बसले होते. पुन्हा वाजली. मुलाने आवाज वाढवला. मग गोळी सुटली तेव्हा आबा दचकले आणि हेडसेट काढून म्हणाले, "हे आलं बा ऐकू. पावलं काई मले ऐकू नाही आली." मुलगा काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने तोच हेडसेट स्वतः घातला आणि आबांसाठी वाढवलेला आवाज ऐकून लगेच काढला. त्या दिवसानंतर आवाज किती ठेवायचा यावर मला भाषण द्यावं लागलं नाही.

तरी आकडे माहीत असलेले बरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकावं, मुलांनी ७५ पर्यंत. आणि डेसिबल हे प्रकरण साध्या बेरजेचं नाही. दर ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ अर्धा करायचा. ८० ला ४० तास, ८३ ला २०, ८६ ला १०. ९० वर गेलात तर आठवड्याला चार तास. १०० ला मिनिटांतच मोजायचं, वीस मिनिटं फार तर. २०२४ च्या जानेवारीत 'बीएमजे पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात गेमिंग आणि श्रवण या विषयावरच्या १४ अभ्यासांचा, ५० हजारांहून अधिक लोकांचा एकत्र आढावा आला होता. त्यात गेमिंगमधले आवाज पुष्कळदा या मर्यादेजवळ किंवा तिच्या पलीकडे जातात असं दिसलं. गोळीबारासारखे क्षणिक आवाज तर ११९ डेसिबलपर्यंत मोजले गेले होते. अजून बराच अभ्यास व्हायला हवा, असंही संशोधकांनीच म्हटलंय. पण वाट बघत बसायचं कारण नाही. फोन निदान 'आवाज धोक्याच्या पातळीवर आहे' असं मध्येच सांगतो. कॉम्प्युटर सहसा काहीच सांगत नाही.

मिस्टरांना हा विषय माझ्याआधी कळला, कारण कारखान्यात तो रोजचा. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा असते आणि जास्त आवाजाच्या ठिकाणी कानावर इअर मफ चढवावे लागतात. ते म्हणाले, "हेडसेट आणि इअर मफ एकच समज. गादी कानाभोवती नीट बसली तर बाहेरचं कमी येतं, आणि बाहेरचं कमी आलं तर आतलं कमी ठेवता येतं." आमच्या घरी याचा अर्थ एकच: कूलर.

तुम्ही छत्तीसगडमध्ये किंवा विदर्भात राहत असाल तर मी काय म्हणतेय ते कळेल. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. खिडकीत लोखंडी कूलर दिवसभर घरघरत असतो, पंखा त्याच्यावर वेगळा. या घरघरीच्या वर आवाज नेण्यासाठी मुलं नकळत व्हॉल्यूम चढवतात. म्हणून आमच्यासारख्या घरात मागून बंद असलेला हेडसेटच घ्यावा. हेडफोन दोन प्रकारचे: मागे जाळी असलेले उघडे, आणि बंद. जाळीचे ऐकायला मोकळे, दिशाही छान कळते, उकडतही कमी. शांत, एसीच्या खोलीत बसणाऱ्यांनी जरूर घ्यावेत. पण कूलरशेजारी ते कामाचे नाहीत, आणि त्यांचा आवाज बाहेरही येतो. नाइट करून झोपलेल्या माणसाशेजारी ते चालणार नाही.

बंदमध्ये पुन्हा गादीचा प्रश्न. रेक्झिनची गादी आवाज चांगला अडवते पण घामाने कान भिजतात, आणि आमच्याकडच्या दोन उन्हाळ्यांत तिचे काळे पापुद्रे सुटून गालाला, केसांना चिकटतात. कापडी गादी थंड, पण थोडा आवाज आत सोडते. मी कापडीच्या बाजूने आहे. जे घालून माणूस दर पाच मिनिटांनी उचलून हवा घेतो, ते कितीही चांगलं असलं तरी उपयोगाचं नाही. गाद्या काढून बदलता येतात का, तेही विचारा. ज्याच्या बदलता येत नाहीत तो गाद्यांबरोबरच संपतो. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा. काडीमुळे गादीत फट पडते आणि दोन तासांनी कानामागे दुखायला लागतं. वजन ३०० ग्रॅमच्या आत असलेलं बरं. दुकानात हे सगळं कळायला निदान दहा मिनिटं डोक्यावर ठेवावं लागतं. दुकानदार घाई करेल, करू दे.

वायर की बिनवायर? वायर. माझं मत सरळ आहे. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला बरेचदा दीड-दोनशे मिलिसेकंद लागतात. गाण्याला त्याने काही बिघडत नाही, पण गेममध्ये गोळी आधी दिसते आणि आवाज नंतर येतो. शिवाय कॉम्प्युटरवर ब्लूटूथचा माइक चालू केला की पुष्कळदा आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो, तो बिघाड नसतो, त्या तंत्राचीच मर्यादा असते. बिनवायरच हवं असेल तर यूएसबीत छोटा डोंगल लावायचे २.४ गिगाहर्ट्झवाले घ्या, त्यांत उशीर जाणवत नाही. ते महाग असतात आणि बॅटरी आज ना उद्या थकतेच. वायरवाला घेतला तर पिन बघा. आताच्या हेडसेटला बहुधा तीन काळ्या रेघांची एकच पिन असते, लॅपटॉपला ती चालते. जुन्या डेस्कटॉपला मागे हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं असतात. त्यासाठी शे-दीडशे रुपयांचा स्प्लिटर लागतो, तो खोक्यात आहे का ते आधीच विचारा. नाहीतर घरी येऊन माइक चालत नाही म्हणून परत दुकान गाठावं लागतं.

माइकवर फार खर्च करू नका. मित्रांशी बोलायचंय, आकाशवाणीवर नाही. पण तो तोंडाजवळ वाकवता यावा आणि बटणाने चटकन बंद करता यावा. आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाल्याची हाक आणि माझा 'जेवायला ये' हे सगळं त्या टोळीने ऐकलेलं आहे. नागपूर, पुणे आणि कुठल्या कुठल्या गावची मुलं आता मला ओळखतात म्हणे.

एक उपाय मात्र पूर्ण फुकट आहे. बऱ्याच विंडोज कॉम्प्युटरवर आवाजाच्या सेटिंगमध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन' नावाची एक चौकट असते. ती चालू केली की बारीक आवाज वर येतात आणि मोठे खाली दबतात. पावलं ऐकू येतात आणि स्फोट कानावर आदळत नाही, म्हणजे एकूण व्हॉल्यूम बराच कमी ठेवता येतो. काही खेळाडूंना यात अंतराचा अंदाज चुकतो असं वाटतं, आणि ते खोटं नाही. माझ्या मुलाने आठवडाभर कुरकुर केली. मग त्याला सवय झाली.

किमतीचं विचाराल तर मी पाहत होते तेव्हा हजाराच्या आतले बहुतेक दिव्यांसाठी होते. ते दिवे घालणाऱ्याला दिसतही नाहीत. दोन ते चार हजारांत पुरेसं मिळतं. त्यापुढे पैसे जातात ते बिनवायर, नाव आणि सजावट यांवर. कधीकधी साधा, गाण्यांसाठीचा चांगला वायरचा हेडफोन आणि वेगळा छोटा माइक ही जोडीही त्याच किमतीत जास्त बरी पडते. 'गेमिंग' हा शब्द लिहिला नाही म्हणून त्यातून पावलं कमी ऐकू येत नाहीत.

आम्ही शेवटी घेतला तो काळा, दिवे नसलेला, वायरवाला, मागून बंद, कापडी गाद्यांचा. मुलाचा चेहरा दुकानात थोडा उतरला होता. मांजराचे कान त्यालाही नको होते, पण निदान एक लाल रेघ तरी हवी होती. घेताना त्याच्याशी दोन गोष्टी ठरल्या. तासाभराने दहा मिनिटं हेडसेट काढायचा. आणि कानात शीळ वाजली तर त्याच दिवशी सांगायचं, लपवायचं नाही, त्यावरून खेळ बंद होणार नाही. दुसरी अट महत्त्वाची. ओरडा बसेल या भीतीने मुलं हेच आधी लपवतात.

व्हॉल्यूमची खूण त्याने स्वतः ठरवली. रात्री, कूलर बंद असताना, पावलं जेमतेम स्पष्ट येतात तिथे आकडा बघितला आणि मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी चिकटवली. कूलर चालू असला तरी त्याच्या वर जायचं नाही, फार तर कूलरचा वेग कमी करायचा. हाताच्या अंतरावर उभं राहून मी साध्या आवाजात हाक मारते, तेव्हा गादीतूनही त्याला काहीतरी कळलं पाहिजे, ही माझी तपासणी. सहसा कळतं. जेवायला बोलावलं तर कळत नाही, पण तो दोष हेडसेटचा नाही.

शाळा सुरू व्हायच्या आधी त्याची ऑडिओमेट्रीही करून घेतली. काचेच्या खोलीत बसून बीप ऐकला की बटण दाबायचं, वीसेक मिनिटांचं काम. आलेख सरळ आला. आबांच्या आलेखाशेजारी तो फाइलला लावून ठेवलाय, पुढच्या वर्षी पुन्हा करायचा आहे. गाद्यांची एक जोडी जास्तीची मागवली आहे. एप्रिल लागायच्या आत येईल.